ताळा

नारिनमध्ये ऑक्टोबरातच नळ गोठतात.
मी हातमोजे काढून हिशेब लिहिते, घालून तपासते.
आधी तेरा वर्षं सामुदायिक शेताची लोकर मोजली,
आता बुरुलायच्या संस्थेत मोजते
चार हजार आठशे युरो, आठ महिन्यांचे.
शीर्ष: मानवाधिकार रक्षकांची डिजिटल सुरक्षा.

रक्षक म्हणजे
एक बुरुलाय,
एक निवृत्त पशुवैद्य, ज्याचा मुलगा चौकीत चालत गेला
आणि घोंगडीतून परत आला,
भूगोल शिकवणारी नुरझात,
आणि मी, जिला हा शब्द अजून
दुसऱ्याच्या कोटासारखा खांद्यात घट्ट होतो.

अर्जात विचारलं होतं: धोक्याचं वर्णन करा, दोनशे शब्दांत.
बुरुलायने लिहिलं,
रात्री कुणी बोलत नसताना तिचा फोन तापतो.
बहिणीशी बोललेलं वाक्य
चौथ्या दिवशी चौकशीवाल्याने तिला ऐकवलं,
बहिणीच्याच लकबीत.
एकशे एकसष्ट शब्द झाले.
मी म्हटलं, भर काहीतरी, पैसे शब्दांवर मिळतात.
ती म्हणाली, उरलेले एकोणचाळीस दाराबद्दल आहेत.
दार पत्र्याचं, कडी वाकलेली.
दार डिजिटलमध्ये येत नाही.

पैसे आले. बिश्केकहून एर्निस आला,
पाठीवर पिशवी, एका कानात बाळी.
पहिला धडा: नाव कुठेही लिहू नका.
दुसरा: पासवर्डसाठी सहा शब्द निवडा
ज्यांचं एकमेकांशी नातं नाही.
पशुवैद्याने विचारलं,
मेलेल्या माणसाचं नाव चालेल का?
एर्निस जरा थांबला.
नको, म्हणाला. ते सगळ्यात आधी शोधतात.

मग मी कागद पुढे केला.
देणगीदाराचा नमुना: पूर्ण नाव, फोन, सही.
त्याशिवाय जेवणाचं बिल मंजूर नाही.

कुणीच हसलं नाही.
कढईतल्या भातावर चरबी थिजत चालली.
शेवटी पशुवैद्याने पेन मागितलं
आणि नावाच्या रकान्यात
मेंढीचा कान काढला, डाव्या कडेला दोन खाचा.
आजोबांच्या कळपाची खूण.
नुरझातने काढला टोकाला चिरलेला.
बुरुलायच्या घरी मेंढ्या कधीच नव्हत्या,
तिने अख्खा कान काढला,
कापायचा बाकी असलेला.

आमच्या डोंगरात निरक्षरालाही हे कान वाचता येतात.
ब्रसेल्समध्ये नाही.
तीन आठवड्यांनी पत्र आलं, फार सभ्य:
सह्या अवाचनीय, एकशे बारा युरो नामंजूर, खेद आहे.

ताळा जमवणं मला नवं नाही.
फेब्रुवारीत मेलेल्या मेंढ्या
मी जूनपर्यंत कागदावर चारल्या आहेत,
वर कुणाला मेलेल्या नको असायच्या म्हणून.
पण हे एकशे बारा मी तसेच ठेवले,
चुकलेले, लाल शाईत.
आणि बाजारात जाऊन टाळं आणलं,
लोखंडी, बोकडाच्या डोक्याएवढं.
लिहिलं: हार्डवेअर.
ते लगेच मंजूर झालं.

जानेवारीत दोघे आले.
टाळं त्यांनी तोडलं नाही, मलाच उघडायला लावलं.
लॅपटॉप चाळला, हाती काही लागलं नाही,
एर्निसचे पैसे वसूल.
मग कपाटातून तो कागद निघाला.
थोरल्याने उलटसुलट केला, धाकट्याकडे फेकला.
धाकट्याच्या गालांवर वरच्या कुरणांतलं ऊन होतं अजून.
तो बराच वेळ बघत राहिला.
दोन खाचांवर त्याचं बोट टेकलं,
उचललं,
परत टेकलं.
म्हणाला, मेंढ्यांचा हिशेब आहे म्हातारीचा.
कागद घडी घालून होता तिथे ठेवला.

त्याला वाचता येत होतं.
तेव्हापासून मी रात्री उठून
कडी बघते, टाळं बघते,
आणि ठरवता येत नाही
की त्याला कुठल्या रकान्यात लिहू.